काढलेली फ्लँज उलटून बघायला शिकवणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात स्टोमा, म्हणजे मल बाहेर येण्यासाठी ऑपरेशन करून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, घेऊन राहणारे आम्ही आणि आमच्या घरचे, हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही शिकवलेलं आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

सगळ्यात मोठे आभार एका सवयीबद्दल. पिशवी गळाली की वरून चिकटपट्टी मारायची, नाहीतर घाईघाईत नवी लावायची, हाच सगळ्यांचा पहिला उपाय. तुम्ही म्हणालात, काढलेली फ्लँज, म्हणजे पिशवी पोटाला धरून ठेवणारी चिकट चकती, फेकू नका, उलटी करून बघा. भोकाभोवती सगळीकडून सारखीच पांढरट, फुगलेली दिसली तर ती जास्त दिवस राहिली. पुढची एक दिवस आधी बदला. एकाच बाजूला ओघळ कडेपर्यंत गेला असेल तर पोटाला तिथे घडी किंवा खळगा आहे. उभं राहून तो दिसत नाही. आरशासमोर खुर्चीत बसून, पुढे वाकून बघावं लागतं. मग तेवढ्याच जागी खळगा भरणारी स्टोमा पेस्ट, ती जराशी सुकली की फ्लँज. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांनी तर हे बघायलाच हवं, कारण वाकून बसलं की पोटाची घडी नेमकी फ्लँजवर येते.

फ्लँजचं भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं हवं. ऑपरेशननंतर ६-८ आठवडे सूज उतरत असते, म्हणून दर वेळी माप घ्यायचं. जुन्या मापाने कापलं की उघड्या कातडीवर मल साचतो. इलिओस्टॉमीत, म्हणजे लहान आतड्याच्या स्टोमात, त्या मलात पाचक रस असतात, त्यामुळे कातडी लवकर सोलवटते. त्यावर खोबरेल लावू नका, हे तुम्ही घरोघरच्या आजींनाही पटवलंत, हे सोपं काम नव्हे! तेलावर फ्लँज धरतच नाही. कोमट पाण्याने धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, स्टोमा पावडर लावून जादाची झटकायची, आणि फ्लँज बसवल्यावर तळहात मिनिट-दोन मिनिटं तसाच ठेवायचा. उबेने ती नीट धरते. स्टोमा पुसताना रक्ताचा थेंब आला तर घाबरायचं नाही. स्टोमा जांभळा-काळा पडला तर मात्र लगेच दवाखाना.

मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, घामाने फ्लँज लवकर सुटते. शिल्लक पिशव्या पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. इलिओस्टॉमीवाल्यांना नुसत्या पाण्याने भागत नाही, कारण मीठही निघून जातं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, घोट घोट. पिशवीत दिवसाला दीड लिटरच्या वर मल यायला लागला तर डॉक्टरांना गाठायचं. कडक भाकरी आमटीत भिजवून, शेंगाचटणी अगदी बारीक कुटून आणि बेतानेच. इलिओस्टॉमीतून काही तास काहीच येत नाही, कळा आहेत, उलटी होतेय, अशा वेळी पोट साफ होण्याचं औषध घ्यायचं नाही, थेट दवाखान्यात जायचं.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत शिरण्याआधी तर नक्कीच. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात झाकणाला भोक पाडलेली बाटली किती कामाची, तेही तुम्हीच दाखवलंत.

ऑपरेशनआधी पेशंटला बसवून, वाकवून, साडीची गाठ कुठे येते ते बघून जागेची खूण करण्याचा तुमचा आग्रह पुढे कितीतरी त्रास वाचवतो. तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांनाही तुम्ही त्यांच्याच भाषेत समजावता, त्याबद्दल वेगळे आभार.

नवा पेशंट घाबरलेला असेल तर आम्हाला निरोप द्या. आमच्यापैकी कुणीतरी सुटी पिशवी आणि कात्री घेऊन येईल.

आपले,
सोलापूरचे स्टोमाधारक आणि त्यांच्या घरची मंडळी