गाडी बुक करण्याआधी

ट्रॉय, मिशिगन

प्रिय मध्या,

तुझ्या नव्या गाडीचं ऐकून फार बरं वाटलं. पण मोबाइलवरून एसी चालू होतो, अपघात झाला तर गाडी आपणहून मदत मागवते, असं तू सांगत होतास तेव्हापासून मनात एक गोष्ट आहे. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखी नव्हती, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या गाडीत आरशाच्या वर एसओएसचं, म्हणजे संकटात मदत मागवायचं, बटण आहे. इंजिन ठणठणीत, तुझी वहिनी रोज हीच गाडी घेऊन कामाला जाते. ते बटण मात्र 2022 पासून बंद आहे. त्या वर्षी अमेरिकेतलं 3G गेलं: एटी अँड टीचं 22 फेब्रुवारीला, टी-मोबाइलचं जुलैत, व्हेरायझनचं वर्षअखेरीस. या मोबाइल कंपन्यांचं कारण मला पटतं. लहरींचा पट्टा मर्यादित आहे आणि तेवढ्याच पट्ट्यात 4G, 5G कितीतरी जास्त डेटा वाहून नेतं. फोनवाल्यांनी फोन बदलले. गाडीला मोबाइल जाळ्याशी जोडणारा मोडेम मात्र आत पक्का बसवलेला, आणि आमचा 3G चा. आम्ही शोरूममध्ये विचारलं, तर या मॉडेलसाठी बदली भागच नाही म्हणाले.

इथल्या रस्त्यांवरच्या गाडीचं सरासरी वय बारा वर्षांच्या वर आहे. शिवाय गाडीचा आराखडा ती बाजारात येण्याच्या काही वर्षं आधीच ठरतो, म्हणून मोडेम बरेचदा शोरूममध्ये येतानाच एक पिढी जुना असतो. फोक्सवॅगनच्या 2014 ते 2019 मधल्या कितीतरी गाड्यांची कार-नेट ही जोडणीची सेवा अशीच गेली. जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) 2015 नंतरच्या बऱ्याच गाड्या वाचल्या, कारण त्यांत मोडेम 4G चा होता. आवाजाचा कॉल तेवढा 3G वरून जायचा, तो सॉफ्टवेअरने 4G वर वळवता आला.

गाणी, हवामान, लांबून एसी, हे गेलं तर गेलं. मला चीड येते ती एसओएसची. एअरबॅग उघडली की गाडी स्वतः कॉल करते, आपण कुठे आहोत ते कळवते. माणूस बेशुद्ध असला तरी मदत निघते. इथे जानेवारीत रात्री बर्फावरून घसरून गाडी रस्त्याखाली गेली, तर तो एक कॉल म्हणजे जीव आहे रे! ही सोय दाखवून गाडी विकायची आणि गाडी धडधाकट असताना ती बंद पडू द्यायची, हे मला अजिबात मान्य नाही. आणि हे कुणाला आधी ठाऊक नव्हतं असंही नाही. 2008 मध्ये अ‍ॅनालॉग जाळं बंद होऊन ऑनस्टार या जीएमच्या अशाच सेवेच्या जुन्या गाड्या अशाच मुक्या झाल्या होत्या, आणि ती मुदत सरकारने 2002 मध्येच ठरवली होती. युरोपात तर 2018 पासून नव्या मॉडेलांना आपत्कालीन कॉलची सक्तीच झाली, पण तीही 2G-3G वर उभी. 4G साठीचे नियम आत्ता कुठे लागू होताहेत.

आपल्याकडेही एअरटेलने 3G केव्हाच गुंडाळलं. म्हणून गाडी घे, जरूर घे, पण पैसे भरण्याआधी मोडेम कोणत्या पिढीचा आहे, पुढे तो बदलून मिळेल का आणि सेवा किती वर्षं देणार, हे लेखी माग. फुकटची वर्षं संपल्यावर वर्गणी किती, तेही. सेल्समन म्हणेल, "सर, सगळं अपडेट होतं." सॉफ्टवेअर होतं, मध्या. चिप आणि अँटेना होत नाहीत.

काकूंना घेऊन तू रात्री-अपरात्री खंबाटकीतून कराडला जातोस. गाडीत बटण असलं तरी फोन चार्ज असू दे, आणि 112 हा आपत्कालीन नंबर काकूंनाही लावता आला पाहिजे.

मोडेमचा मॉडेल नंबर मिळाला तर फोटो पाठव. तो कोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर, चालतो ते बघून कळवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
शिऱ्या