सीटीडीचे कागद रद्दीत घालू नका

महोदय,

सागरी मापनाची जुनी यंत्रे निर्लेखित करताना, म्हणजे वापरातून काढून टाकताना, ती बाकीच्या लोखंडाबरोबर एकगठ्ठा विकली जाऊ नयेत, यासाठी हे पत्र. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २१८ प्रमाणे २ लाखांपेक्षा जास्त अवशिष्ट मूल्याचे सामान जाहीर निविदेने किंवा लिलावाने काढावे लागते. पण पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब मोजणाऱ्या सीटीडीचे मूल्य तिच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे तिची मापे तपासून दिलेल्या, कागदात असते. तो नसेल तर उरते ती फक्त नळकांडी.

सी-बर्ड कंपनीची १९प्लस ही सीटीडी घ्या. तिच्या वाहकतेच्या प्रमाणपत्रात पहिल्याच ओळीत शून्य वाहकतेची वारंवारता हर्ट्झमध्ये दिलेली असते. वाहकता मोजणारी काचेची नळी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, पाणी झटकून कोरडी करा आणि हवेतच वाचन घ्या. आकडा हर्ट्झच्या काही दशांशांत जुळला तर नळी बहुधा ठीक. न जुळल्यास आत मीठ किंवा शेवाळ बसले आहे असे समजून ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटच्या १ टक्का द्रावणाने धुवावी. आत ब्रश किंवा कापूस कधीही घालू नये, प्लॅटिनमचा काळा थर खरवडला जातो. क्षारता, म्हणजे पाण्यातले मिठाचे प्रमाण, वाहकतेवरून काढतात, म्हणून नळीत घाण साचली की क्षारता कमी दिसते. अरबी समुद्राच्या उबदार पाण्यात वाहकता ०.०१ सीमेन्स प्रति मीटरने चुकली तर क्षारता सुमारे ०.०७ ने चुकते. खोल समुद्राच्या अभ्यासाला एवढी चूक चालणार नाही. कोकणातल्या खाडीत मात्र पावसाळ्यात क्षारता अशी काही घसरते की तिथे ही चूक जाणवतही नाही, म्हणून महाविद्यालयांनी अशी यंत्रे जरूर घ्यावीत.

घेताना दाबमापकाची कमाल मर्यादा प्रमाणपत्रावरच पाहावी, बाहेरच्या कवचावरून ठरवू नये. अचूकता त्या मर्यादेच्या ०.१ टक्के असते. म्हणजे ७००० मीटरचा दाबमापक ७ मीटरने चुकू शकतो. २० मीटरच्या खाडीत तो काय कामाचा? हवेतले वाचन शून्यापासून थोडे सरकलेले असेल तर सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होते. झेपेल त्यापेक्षा खोल सोडलेला मापक मात्र सुधारत नाही.

एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. आत पाणी शिरले असेल किंवा जुने सेल फुटले असतील तर कवचात वायूचा दाब साठतो आणि झाकण बंदुकीच्या गोळीसारखे उडू शकते. झाकणाचे तोंड माणसांपासून दूर ठेवून स्क्रू थोडे थोडे सैल करावेत. लिलावाच्या मैदानात तर यंत्र मुळीच उघडू नये. पाणी अडवणारी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, जिथे बसते त्या खाचेत पांढरी पूड किंवा ओरखडा दिसला तर नवी ओ-रिंग घालूनही पाणी थांबत नाही.

संस्थांना विनंती इतकीच: प्रत्येक यंत्राचा वेगळा लॉट करा. सोबत शेवटचे प्रमाणपत्र, डेटा केबल, आणि यंत्र शेवटचे पाण्यात कधी उतरले त्याची तारीख द्या. मालकीची खूण पुसताना अनुक्रमांकाची पट्टी खरवडू नका; कागद हरवले तर उत्पादकाकडे चौकशी करायला तो क्रमांकच लागतो.

— सागरी सर्वेक्षण क्षेत्रातील एक वाचक, रत्नागिरी