आधी ब्लू लावून बघ, मग नळी मागव

कोल्हापूर,
श्रावणातला पहिला सोमवार

प्रिय दिलीप,

तुझा मेल आणि सोबतचे अकरा फोटो मिळाले. जेवण झाल्यावर बघायला बसलो, ते साडेबारा कधी वाजले कळलंच नाही. सूनबाई दोनदा डोकावून गेली, "बाबा, झोपायचं नाही का?" म्हणून. जुन्या लष्करी अ‍ॅक्शनवर (म्हणजे जुना बोल्ट नि त्याची बॉडी घेऊन) १००० यार्डांची टार्गेट रायफल बांधायची, तीही हात राखून खर्च करत. मर्दा, वाचूनच अंगावर मूठभर मांस चढलं. उद्यमनगरात एका लेथवर दोघं आळीपाळीनं उभे राहायचो, त्या दिवसांची आठवण झाली. तुझ्या तिकडच्या कायद्यात हे काम बसतं आणि नळी बसवायला परवान्याचा गनस्मिथ आहे, म्हणून मी मोकळेपणानं लिहितोय. आपल्याकडे परवान्याशिवाय असल्या कामाला हात लावणं म्हणजे सरळ गुन्हा. माझं ज्ञान वडिलांची ३१५ बोअरची रायफल, रेंजवरची पॉइंट टू-टू आणि वाचन, एवढ्यावरचं आहे. पण लोखंडाचं म्हणशील तर ते तुला नि मला सारखंच कळतं.

तू विचारलंयस, इशापूर (आपल्या बंगालातल्या कारखान्यातली) घेऊ की माऊझर (जर्मन घाटाची)?

इशापूरचं नाव काढलंस आणि मीही हळवा झालो. आपल्या देशात घडलेली रायफल परदेशातल्या दुकानात भिंतीला टेकून उभी दिसली, की हात जाणारच. २ए१ म्हणजे जुन्या थ्री-नॉट-थ्रीचाच सांगाडा, ७.६२ च्या जादा दाबासाठी चांगल्या पोलादात केलेला. पण तिच्या मागच्या साइटवर एकदा नजर टाक. आधीच्या २ए वर आकडे २००० पर्यंत होते, २ए१ वर ते ८०० मीटरलाच थांबवले. सैनिकाच्या कामाला तेवढं भरपूर झालं. तू मात्र त्याच्याही पुढं निघालायस.

दुसरं म्हणजे बोल्टची कुलपं, बोल्टला बॉडीत अडकवून धरणारे दात. ली-एनफिल्डमध्ये, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच्या घराण्यात, ती मागच्या बाजूला असतात. गोळी सुटताना सगळा बोल्ट दाबला जातो आणि बॉडीची भिंत ताणली जाते, किंचित लवते. गंमत अशी, की लांब पल्ल्यावर हे लवणंच कधीकधी कामाला यायचं. सावकाश निघालेली गोळी नळीचं तोंड जरा वर असताना सुटायची, त्यामुळं वेगातला फरक लांबवर भरून निघायचा. म्हणूनच जुने लोक १००० यार्डांवर थ्री-नॉट-थ्रीचं नाव अजून घेतात. ब्रिटिशांनी नंबर ४ च्या (ली-एनफिल्डचंच नंतरचं रूप) अ‍ॅक्शनवर जाड नळी घालून ७.६२ मध्ये एल३९ ही टार्गेट रायफल आणि एल४२ ही स्नायपर केली, तीही चांगली चालली. पण नंबर ४ ची बॉडी जास्त ताठ. इशापूर जुन्या नंबर १ च्या वळणाची. आणि तो मेळ कुठल्या काडतुसाला जमेल, हे शोधण्यात तुझे पैसे नि दोन उन्हाळे जातील.

पण माझं खरं कारण वेगळंच आहे. फोटोतली इशापूर नळीपासून दस्त्यापर्यंत एका नंबरची, अखंड आहे. तिला कापू नकोस. घ्यायची तर घे, तेल लाव आणि आहे तशी ठेव. अशी सगळी जुळणी असलेली रायफल एकदा सुटी केली, की पुन्हा होत नाही.

तो झेक माऊझर, व्हीझेड-२४, मात्र घे, डोळे झाकून. म्हणजे डोळे उघडे ठेवूनच, पण घे. कुणीतरी आधीच त्याचा मूळ दस्ता काढून टाकलाय, वर स्कोपसाठी भोकं पाडून आटे मारलेत, मागची साइट गायब आहे. संग्राहक त्याला विचारत नाही म्हणून तो स्वस्त. तुला लागणारं सगळं त्यात आहे. पुढं दोन कुलपं, मागं राखीव तिसरं, गॅस फुटला तर बाजूनं निघून जायला बोल्टला भोकं, आणि नळी जिथं टेकते तिथं आतली गोल कडी. १८९८ सालची ही मांडणी, तिच्यापुढं हात जोडावेसे वाटतात. शिवाय त्याचं मूळ ८ मिलिमीटर माऊझर आणि तुझ्या नव्या नळीचं .३०८ यांच्या काडतुसाचं बूड जवळपास सारखंच, १२ मिलिमीटर. म्हणजे बोल्टच्या तोंडाला हात लावायचं कारण नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती वाचून तू उडशील. या मोठ्या रिंगच्या माऊझरच्या नळीचे आटे १.१ इंचाचे, इंचाला १२, आणि कोन ५५ अंशांचा. ओळखीचं वाटतंय? अरे, ५५ अंश म्हणजे आपलं व्हिटवर्थ! ऑइल इंजिनच्या स्टडला आपण हेच आटे पाडायचो ना? जर्मन रायफल आणि आटा मँचेस्टरच्या व्हिटवर्थचा. १८४१ मध्ये त्यानं आट्यांचं माप ठरवून दिलं आणि पुढं षट्कोनी नळीची रायफलही केली, तीही लांब पल्ल्याची. १८६० मध्ये विम्बल्डनला पहिली मोठी नेमबाजी स्पर्धा भरली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीनं पहिली गोळी झाडली ती स्टँडवर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीतूनच. आपण ज्याचे आटे पाडत वाढलो, त्या माणसाचं नाव या खेळाच्या पहिल्याच गोळीला जोडलेलं आहे. रात्री हे कुणाला सांगू, असं झालं होतं. तुझ्या गनस्मिथला एवढं मात्र बजाव, की ६० अंशांच्या टूलनं आटे पाडू नकोस. वरवर बसल्यासारखे वाटतील, पण अंगभर धरणार नाहीत.

आता मुद्द्याचं. नळी मागवण्याआधी ब्लू लाव, म्हणजे जिथं टेकतं तिथं डाग उठवणारा निळा रंग. इंजिनच्या बेअरिंगला ब्लू लावून स्क्रेपिंग करायचो, अगदी तसं. दोन्ही कुलपांच्या मागच्या अंगाला पातळ ब्लू, स्ट्रायकर (काडतुसावर ठोका मारणारी कांडी) नि स्प्रिंग काढलेला रिकामा बोल्ट मागं ओढून धरून हळू बंद कर, पुन्हा उघड. दोन्हीकडं डाग सारखा उठला तर देवाची कृपा. एकाच कुलपावर उठला तर सगळा भार एकटंच सोसतंय. आणि इथंच तुझा हात आवर. तुझा हात पॉलिश पेपरकडं जातो, मला माहीत आहे, माझाही जातो. पण जुन्या माऊझरचं पोलाद आतून मऊ असतं, वरची कातडी तेवढी कडक केलेली. ती कातडी घासून गेली, की खालचं मऊ लोखंड दर गोळीला थोडं थोडं मागं सरकतं. कुलपाच्या बैठकीत नखाला लागेल अशी धार उठते, बोल्ट वर उचलताना अडखळतो आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड नि काडतूस यांच्यातली मोकळी जागा, वाढत जातं. अशी धार आत्ताच लागली, तर व्यवहार मोड आणि दुसरी अ‍ॅक्शन बघ. तीनशे डॉलर वाचवायच्या नादात डोळ्यापुढं स्फोट घ्यायचा नाही. नळी बसल्यावर हेडस्पेस तपासायचे गो आणि नो-गो गेज गनस्मिथच्या हातानं, तुझ्यासमोर. 'गो' वर बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो' वर होता कामा नये. त्यात मध्यममार्ग नाही.

पैसे कुठं घालायचे? नळीत. शंभरातले चाळीस नळीला आणि ती बसवण्याला दे, वीस काडतुसांना राख, उरलेल्यात बाकी सगळं भागव. नळी जाड घे, २८ ते ३० इंचांची. पीळ (नळीच्या आतली चक्री खाच) कोणती गोळी वापरणार त्यावर. गोळीचं वजन १७५ ग्रेन किंवा त्याहून जड असेल तर १० इंचांत एक फेरा, १५५ ग्रेन असेल तर १३ इंचांत एकही चालतो. १६८ ग्रेनची ती प्रसिद्ध मॅच गोळी ६०० पर्यंत सोन्यासारखी जाते, पण १००० च्या जवळ आवाजाच्या वेगाशी उतरताना भेलकांडते. स्वस्त मिळाली म्हणून तिचं खोकं भरून ठेवू नकोस.

बेडिंगबद्दल, म्हणजे बॉडी दस्त्यात कशी टेकते त्याबद्दल, मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण त्यात मी वडिलांचं नुकसान केलंय.

त्यांची ३१५ तुला आठवते. इशापूरचीच, ली-एनफिल्डच्या घाटाची. थ्री-नॉट-थ्री नागरिकाला मिळत नाही म्हणून हे ३१५ काडतूस. गावाकडं रानडुकरांसाठी परवाना होता. क्लबच्या फायरिंगला १०० मीटरवर वडिलांच्या पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत बसायच्या, साध्या माशीवर. तुझं अमेरिकेला जायचं ठरलं त्या वर्षी मी ती साफ करायला घेतली. पुढचा दस्ता उतरवला, तर आत मॅगझिनच्या मागं, लाकूड बॉडीला जिथं भिडतं तिथं, दोन्ही बाजूंना रुपयाएवढे काळे, चकचकीत, तेलकट डाग. मला ती घाण वाटली. बारीक पेपरनं घासून लाकूड पिवळंधमक करून ठेवलं आणि वर पॉलिशही मारलं. पुढच्या फायरिंगला बशीची परात झाली. वडील काहीच बोलले नाहीत. टार्गेटचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी येऊन खुंटीला अडकवलेल्या सदऱ्यात तो आठवडाभर तसाच होता.

ते डाग म्हणजेच बेअरिंग होतं रे. वीस वर्षं धक्के खाऊन लाकूड आणि पोलाद एकमेकांना ओळखायला लागले होते, ते मी केसाएवढं घासून टाकलं. परवान्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरानं अक्रोडाच्या दोन पातळ चकत्या बसवल्या, काजळी धरून धरून जुळवल्या, तेव्हा कुठं ती पुन्हा बशीवर आली. त्यानं पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, "बेटा, काला देखा तो गंदा समझा?"

म्हणून तुझ्या माऊझरला लाकडाचा लाड नको, निदान या वेळी. इकडं पावसाळ्यात दारं फुगतात, तुझ्याकडं हिवाळ्यात लाकूड सुकतं. लॅमिनेटचा साधा दस्ता घे, खालचा धक्का सोसणारा लग आणि मागचं शेपूट इपॉक्सीत नीट बसव. मग डायल गेज काढ. बूड दस्त्यावर, टोक नळीवर, आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल कर. काटा जागचा हलू नये. दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हलला तर ठीक, दहा हलला तर अ‍ॅक्शन दस्त्यात वाकून बसलीय, पुन्हा कर. नळीखालून शंभराची नोट सरकवून बघ, चेंबरच्या पुढं कुठंही अडकता कामा नये.

चाप बदल, लष्करी दोन टप्प्यांचा ओढ्या टार्गेटला जड जातो. स्कोपखालची पट्टी २० मिनिटं (कोनाची, अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट) कललेली घे, कारण १०० वर शून्य केलेली .३०८ ची गोळी १००० यार्डांवर दहा मीटरांच्या आसपास खाली येते. माऊझरचा स्ट्रायकर जड आणि लांब चालणारा, चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत जरा वेळ खातो, तेवढा वेळ नेम धरून ठेवायची सवय लाव.

डोळ्यांचं लिहिलंयस. त्याची काळजी करू नकोस. एफ-क्लास हा स्पर्धेचा प्रकार सुरू झाला तोच अशा लोकांसाठी. कॅनडाच्या फार्क्वार्सनची नजर नि हात थकले, तेव्हा त्यानं स्कोप नि टेकू लावून नेम धरायला सुरुवात केली, म्हणून त्याच्या नावाचा 'एफ'. तू त्यातल्या एफ-टीआर गटात बसतोस, .३०८, बायपॉड (दोन पायांचा टेकू), सगळं मिळून ८.२५ किलोच्या आत. जाड नळी मागवताना हा आकडा समोर ठेव.

परवा दुधाळीच्या रेंजवर गेलो होतो. तेजस्विनी सावंत याच रेंजवर शिकली. २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ५९७ करून ती जगज्जेती झाली. आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ४५१.४ वर ब्राँझ घेतलं, त्या दिवशी अख्खं कोल्हापूर रस्त्यावर होतं. तिथं बसून मी एक हिशोब केला. ५० मीटरवरचा दहाचा ठिपका १०.४ मिलिमीटर. तोच कोन १००० यार्डांवर नेला तर साडेसात इंच होतात. तुझं एफ-क्लासचं दहाचं वर्तुळ दहा इंचांचं! म्हणजे आपली पोरं तुझ्याहून बारीक नेम धरतात. मग तुझं अवघड काय? वारा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तुझ्या गोळीला दोन मीटरहून जास्त ढकलतो, आणि ती दीड सेकंदाहून जास्त वेळ त्याच्या तावडीत असते. तुझी कॅम्प पेरीची रेंज सरोवराच्या काठावर आहे म्हणतोस, म्हणजे वारा दर मिनिटाला तोंड फिरवणार. म्हणून ते वीस टक्के काडतुसांना राखायला सांगितलं. नवा स्कोप घेण्याआधी एक उन्हाळा झेंड्यांकडं बघण्यात घाल.

बाकी इकडं सगळं ठीक. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन अंबाबाईपर्यंत जाते. तुझी आठवण काढते, "त्याला म्हणावं, बंदुकीपेक्षा आधी घरी ये." वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

कुलपांचे ब्लू लावलेले फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे, उजेडात काढलेले. ते बघितल्याशिवाय नळीची ऑर्डर देऊ नकोस, माझी शपथ आहे.

तुझा,
सुरेश