एसटी स्थानकावरची राणी घराच्या शोधात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत आपल्या वृत्तपत्रात भटक्या कुत्र्यांविषयी पुष्कळ मजकूर आला. चाव्याच्या बातम्या आल्या, न्यायालयाचे आदेश आले आणि वाचकांनी दोन्ही बाजूंनी तळमळीने पत्रेही लिहिली. त्या वादात भर घालण्यासाठी हे पत्र नाही. मला एकाच प्राण्याविषयी लिहायचे आहे, कारण तिचा प्रश्न सोडवण्यासाठी कोणतेही धोरण लागणार नाही, एक घर पुरेसे आहे.

तिचे नाव राणी. मी शिक्षिका होते आणि निवृत्त होईपर्यंत रोज सकाळच्या पहिल्या बसने शेजारच्या गावातील शाळेत जात असे. साधारण चार वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या एसटी स्थानकावर, पहाटे आलेल्या रातराणीच्या चाकाशेजारी दीड-दोन महिन्यांचे एक काळे पिल्लू झोपलेले वाहकाला दिसले. त्या गाडीवरूनच त्याला रातराणी म्हणू लागले, आणि पुढे नुसतेच राणी. आता ती अंगाने मध्यम आहे. रंगाने काळी, छातीवर पांढरा पट्टा आणि डोळ्यांच्या वर भुवयांसारखे दोन तपकिरी ठिपके. चौकशीच्या खिडकीखालची जागा तिची ठरलेली होती. उपाहारगृहातला मुलगा तिला सकाळी चपाती घाली, रिक्षावाले रात्री उरलेला भात देत. प्रवाशांची लहान मुले तिच्या पाठीवरून हात फिरवत, शेपटी ओढत, आणि ती फार तर उठून दोन पावले बाजूला जाऊन बसे. इतक्या वर्षांत तिने कोणाच्या पिशवीला तोंड लावलेले मी पाहिले नाही, मग चावणे तर दूरच.

दोन वर्षांपूर्वी तिचे निर्बीजीकरण आणि रेबीजचे लसीकरण झाले. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर तिला पुन्हा त्याच जागी आणून सोडण्यात आले आणि खूण म्हणून तिच्या कानाला खाच पाडलेली आहे. मात्र 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील भटके कुत्रे निवाऱ्यात हलवावेत आणि त्यांना पुन्हा तेथे सोडू नये, असा आदेश दिला. या आदेशामागची चिंता मला परकी नाही. माझ्याच वर्गातील एका मुलाला कुत्रा चावला होता आणि लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत त्याच्या आईच्या चेहऱ्यावरची भीती मी पाहिली आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे राणीला उचलून नेले याबद्दल मी कोणालाही दोष देत नाही. पण ज्या नियमामुळे तिला तिची जागा परत मिळत असे, तो मार्ग बसस्थानकापुरता बंद झाला आहे, आणि तिला एखादे घर मिळाले नाही तर पुढची आठ-दहा वर्षे तिला पत्र्याच्या एका कप्प्यातच काढावी लागणार आहेत.

हा निवारा जिल्ह्याच्या ठिकाणाजवळ आहे. तेथील माणसे मनापासून राबतात, हे आधी सांगितले पाहिजे. जागा अपुरी आहे, हात थोडे आहेत आणि दर आठवड्याला नवे प्राणी येत आहेत. मी दर रविवारी तेथे जाते. राणी माझ्या पावलांचा आवाज ओळखते, पण इतरांसारखी जाळीवर उड्या मारत नाही. दार उघडले की बाहेर येते आणि माझ्या गुडघ्याला सगळे अंग टेकवून उभी राहते. तशी ती कितीतरी वेळ उभी राहते, मध्येच एकदा मान वर करून पाहते आणि पुन्हा टेकते. जेवणाची थाळी खाली ठेवेपर्यंत बसून राहते. हे तिला कोणी शिकवलेले नाही.

कुत्रा घरी न्यायला आलेली माणसे मी पाहते, आणि तिच्यासमोर येऊन ती काय बोलतात हेही ऐकते. "पिल्लू नाही का?" हा पहिला प्रश्न. मग "मादी नको", मग "काळी आहे", आणि शेवटी "कान असा कशाने कापला, भांडखोर दिसते". यांतील एकाही आक्षेपात तथ्य नाही. मादी नको असण्याचे कारण म्हणजे पिल्लांची धास्ती, पण राणीला पिल्ले होणारच नाहीत. कानाची खाच भांडणाची नसून शस्त्रक्रिया झाल्याचे ते प्रमाणपत्रच आहे. डोळ्यांवरच्या ठिपक्यांमुळे एका आजींनी तिला "चार डोळ्यांची" म्हणून बाजूला सारले. यमाच्या दोन श्वानांना ऋग्वेदात चतुरक्ष म्हटले आहे, ते बहुधा त्यांच्या ऐकण्यात असावे. पण ज्या श्रद्धेने आपण दत्तमहाराजांच्या पायाशी बसलेल्या चार श्वानांना हात जोडतो, तिला स्मरून या जिवंत प्राण्याकडेही एकदा नीट पाहावे, असे मला त्या आजींना सांगावेसे वाटले. पिल्लाचे म्हणाल, तर ते मोठे झाल्यावर किती वाढेल, स्वभावाने कसे निघेल, हे कोणीच सांगू शकत नाही. शिवाय पार्व्हो आणि डिस्टेंपर यांसारख्या रोगांची भीती त्यालाच अधिक असते. चार वर्षांच्या राणीचे सगळे काही समोर आहे.

मग मीच तिला का नेत नाही, हा प्रश्न रास्त आहे. मी तिला नेले होते. माझ्या घरी आधीच एक म्हातारा कुत्रा आहे, त्याला दिसत नाही आणि दुसऱ्या कुत्र्याचा वास आला की तो थरथरतो, खाणे सोडतो. आठ दिवस मी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवून पाहिले, शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने राणीला परत सोडून आले. तो दिवस मला विसरता येत नाही. पण त्या आठ दिवसांत ती घरात कशी वागते हे मला कळले. तिने घरात एकदाही घाण केली नाही. गुळगुळीत फरशीवर चालायला ती पहिल्या दिवशी बिचकली, दुसऱ्या दिवशी सरावली. आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की झोपेतूनही उठून भिंतीला लागून उभी राहायची. मला उलगडा व्हायला दोन दिवस लागले. स्थानकावर गाडी मागे घेताना वाहक शिट्टी वाजवतो आणि शिट्टी झाली की बाजूला व्हायचे, हे ती लहानपणापासून शिकली होती. पाचव्या दिवशी तिने शिट्टी ऐकून फक्त मान उचलली आणि पुन्हा खाली टेकवली.

तिच्यासाठी असे घर हवे, जेथे दिवसभर कोणीतरी असते आणि दुसरा कुत्रा नाही. मुले असली तरी चालतील. बंगलाच हवा असे नाही. सकाळ-संध्याकाळ फिरायला नेणारा माणूस असेल तर दोन खोल्यांतही ती सुखात राहील. सदनिकांत राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. तिला फटाक्यांचा आणि उगारलेल्या काठीचा धाक आहे, हे मी लपवत नाही. नुसत्या दूध-चपातीवर कुत्र्याचे पोषण होत नाही, त्यामुळे भातासोबत अंडे किंवा कोंबडीचे मांस द्यावे लागेल. कांदा, द्राक्षे आणि चॉकलेट मात्र कधीही देऊ नये. दरवर्षी लस, वेळोवेळी जंताचे औषध, पावसाळ्यात गोचिडांवर लक्ष आणि स्थानिक संस्थेचा नियम असेल तेथे नोंदणी, एवढे करावे लागते. फाटकाला साखळीने बांधायला राखणदार हवा असेल, त्यांनी कृपा करून येऊ नये. न्यायालयानेही 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे.

माझा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांना तो कृपया द्यावा. मी स्वतः त्यांच्यासोबत निवाऱ्यात येईन आणि पहिले काही आठवडे लागेल ती मदत करीन. नेण्याआधी दोन-तीन वेळा येऊन तिच्यासोबत बसावे, फिरावे, घरातील सगळ्यांना आणावे. फाटकातून आत गेल्यावर डाव्या हाताचा तिसरा कप्पा तिचा आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा