घोड्याचे आत्मचरित्र लिहिणारी ॲना

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की ‘ब्लॅक ब्यूटी’ ही घोड्याच्या तोंडून सांगितलेली कादंबरी लिहिणारी बाई घोड्यांची डॉक्टर होती का. कारण खुरांच्या दुखण्याचे आणि लगामाच्या जाचाचे इतके बारकावे बाहेरच्या माणसाला सुचणार नाहीत, असे तुला वाटले. तेव्हा गडबडीत उत्तर अर्धवट राहिले, म्हणून आज सविस्तर लिहिते.

ॲना स्यूएल डॉक्टर नव्हती. ३० मार्च १८२० रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट यार्मथ या गावी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका कुटुंबात तिचा जन्म झाला. वडिलांना दुकानात खोट आली, पुढे त्यांनी बँकेत नोकरी धरली आणि बिऱ्हाड सारखे हलत राहिले. चौदाव्या वर्षी पावसात शाळेतून घरी येताना ती घसरून पडली. त्यात तिचे घोटे असे दुखावले की त्यानंतर तिला फार वेळ उभे राहणे किंवा लांब चालणे कधीच जमले नाही. घराबाहेर पडायचे तर घोडागाडी हवी, आणि ती गाडी ॲना स्वतः हाकीत असे. तिला गाडी हाकताना पाहिलेल्या एका परिचित बाईंनी लिहून ठेवले आहे की लगाम ती हातात नुसता धरून ठेवी, घोड्याला सारे काही आवाजानेच सांगे. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. तिचे घराबाहेरचे सारे जग घोड्याच्या पायांवर चालत होते. त्याला कुठे बोचते आणि कशाने धाप लागते, हे ती वर्षानुवर्षे पाहत आली होती.

त्या काळी श्रीमंतांच्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांची मान ऐटीत वर राहावी म्हणून तोंडातल्या कडीपासून पाठीवरच्या साजापर्यंत एक आखूड वादी ताणून बांधीत. चढावर ओझे ओढताना घोडा मान खाली घालतो आणि सारे अंग पुढे झोकतो. वादीमुळे त्याला तेच करता येत नसे, शिवाय श्वास कोंडे, तोंड सोलवटून निघे. हे सगळे केवळ दिसण्यासाठी. कादंबरीतली तापट घोडी जिंजर या जाचाला कंटाळून लाथा झाडते, आणि तिच्या रागाची कारणे ॲना वकिलासारखी एकेक करून मांडते. लहानपणी तू जिंजरच्या मरणाचे पान उलटून पुढे जायचास, ते मला ठाऊक आहे.

लेखनाची सुरुवात १८७१ मध्ये नॉर्विचजवळच्या ओल्ड कॅटन येथे झाली. आपण एका घोड्याचे चरित्र लिहीत आहोत आणि नाताळसाठी बाहुल्या व डबे तयार करीत आहोत, अशी त्या नोव्हेंबरातली तिची नोंद आहे. दोन्ही कामे एका वाक्यात, एकाच तोलाची! त्यानंतरची सहा वर्षे ती घरातच, बहुतेक कोचावर पडून होती. बरे वाटेल तेव्हा ती पेन्सिलीने कागदाच्या कपट्यांवर लिही किंवा तोंडी सांगे, आणि तिची आई मेरी ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढी.

तुझा हात मोडला होता तेव्हा तू सांगायचास आणि मी तुझ्या वह्या लिहायचे. त्यात माझा एखादा शब्द शिरला तरी तू चिडायचास. म्हणून मेरीचे मला फार वाटते. तिने साठीच्या सुमारास लेखन सुरू केले होते आणि तिच्या पद्यकथा घरोघर वाचल्या जात. एका पुस्तिकेच्या तर दहा लाखांवर प्रती खपल्या. तिची हस्तलिखिते आधी ॲनाच्या हाती जात आणि ॲना ती कठोरपणे तपासी. आता पंचाहत्तरी ओलांडलेली ही नाणावलेली लेखिका मुलीची लेखनिक झाली होती.

नॉर्विचच्या जॅरोल्ड या प्रकाशकांनी ठरावीक रक्कम देऊन हक्क विकत घेतले आणि नोव्हेंबर १८७७ मध्ये पुस्तक निघाले. मूळ घोड्याच्या भाषेतून अनुवादित, असे मुखपृष्ठानंतरच्या पानावर गमतीने छापले होते. ॲनाने लिहिले ते मुख्यतः घोडे हाताळणाऱ्यांसाठी, मोतद्दारांसाठी आणि गाडीवानांसाठी. मुलांचे पुस्तक हा शिक्का त्यावर मागाहून बसला आणि मला तो तितकासा पटत नाही. १८९० मध्ये जॉर्ज एंजेल या प्राणिमित्राने अमेरिकेत त्याची आवृत्ती काढली आणि गाडीवानांना, तबेल्यांतल्या नोकरांना प्रती फुकट वाटल्या. हे पाहायला ॲना नव्हती. पुस्तक निघाल्यावर पाचच महिन्यांनी, २५ एप्रिल १८७८ रोजी ती गेली.

तिला लॅमस येथील क्वेकरांच्या दफनभूमीत न्यायचे होते. अंत्ययात्रेच्या गाड्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मेरीने खिडकीतून पाहिले, तर घोड्यांच्या माना तीच वादी बांधून वर ताणलेल्या होत्या, असे सांगतात. ती तशीच बाहेर गेली आणि प्रत्येक घोड्याची वादी तिने सोडायला लावली. मगच गाड्या निघाल्या.

तुझी,
आई