कॉमिकलाही एक रकाना द्या

जुलै महिन्याच्या मनोरंजन पुरवणीत ‘स्पायडर-मॅन : फार फ्रॉम होम’ आणि ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या वेबमालिकेच्या तिसऱ्या पर्वाला भरपूर जागा मिळाली. रास्तच, आठही भाग एका रात्रीत संपवणारे आमच्या घरातही आहेत! पण त्याच आठवड्यात, ३ जुलै २०१९ रोजी, ‘द वॉकिंग डेड’ ही २००३ पासूनची कॉमिक मालिका १९३व्या अंकात अचानक संपली, त्याबद्दल ओळही नाही. लेखक रॉबर्ट कर्कमन यांनी वाचकांना सुगावा लागू दिला नाही. उलट पुढच्या अंकांची खोटी मुखपृष्ठे आधीच जाहीर करून ठेवली. ट्रेलरमध्येच अर्धी गोष्ट सांगून मोकळ्या होणाऱ्या चित्रपटांपेक्षा मला ही लबाडी आवडली. या कॉमिकवर बेतलेली टीव्हीवरची मालिका मात्र त्यानंतरही २०२२पर्यंत चालूच राहिली. पुरवणीत कॉमिकसाठी महिन्याला एखादा रकाना ठेवावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे