वहिनी, बाटल्या मोजू नकोस

प्रिय वहिनी,

दादाच्या पिण्याबद्दल फोनवर बोलता येत नाही. तुझा फोन स्पीकरवर असतो, आई मागे असतात, आणि दादा कधी खोलीत येईल याचा नेम नसतो. म्हणून लिहितेय. एकटी असशील तेव्हा वाच.

आधी माझी चूक सांगते. या वर्षात दादाने माझ्याकडे तीनदा पैसे मागितले. एकदा गाडीच्या दुरुस्तीला, एकदा कुठल्या मित्राला नड होती म्हणून, आणि तिसऱ्यांदा तर कारणही धड सांगितलं नाही. दरवेळी म्हणाला, "वहिनीला बोलू नकोस, उगाच काळजी करत बसेल." मी नाही बोलले. तू तिकडे महिनाअखेरीला हिशेब जुळवत होतीस आणि मी इथून त्याला पैसे पाठवत होते. मला माफ कर.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल केला तेव्हा तुमच्याकडे सकाळ होती. दादा एका हाताने कप उचलायला गेला, तो बशीवर खडखडला, आणि त्याने पटकन दुसरा हात लावला. "रात्री झोप लागली नाही," म्हणाला. त्याच रात्री दहाला पुन्हा बोललो तेव्हा एका हातात फोन धरून मजेत गप्पा मारत होता, हात अगदी स्थिर. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. सकाळी हात थरथरतात आणि घोट पोटात गेला की थांबतात, म्हणजे त्याच्या शरीरालाच आता दारू लागायला लागली असेल, अशी भीती मला वाटते.

तू म्हणतेस, तो झिंगत नाही, रोज कामावर जातो. अगं, पूर्वी दोन पेगमध्ये त्याची जीभ जड व्हायची. आता चार झाले तरी सरळ चालतो. आपण कौतुकाने म्हणतो, याला पचते. पचत काही नाही. मेंदू सरावतो, आणि तेवढ्याच परिणामासाठी जास्त लागते. मला तर त्याचं न झिंगणंच जास्त घाबरवतं.

जॉन युइंग नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांचे चार प्रश्न आहेत. १९८४ साली छापून आले, अजूनही दवाखान्यात विचारतात. पिणं कमी करावं असं कधी वाटलं का? कुणी टोकलं की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटलं का? सकाळी उठल्या उठल्या घोट लागतो का? दोन उत्तरं "हो" आली तरी डॉक्टर पुढची चौकशी करतात. पण ही उत्तरं त्याने द्यायची, आणि तो खरं सांगेल असं मला वाटत नाही.

म्हणून मी तुला तुझ्याबद्दल विचारते. त्याच्या ऑफिसला "पोट बिघडलंय" असा फोन या वर्षी किती वेळा केलास? संध्याकाळी कुणाला घरी बोलवणं कधीपासून बंद केलंस? दारात किल्ली फिरली की तू हातातलं काम थांबवून त्याच्या पावलांचा कानोसा घेतेस का? छोटीला मैत्रिणी घरी आणू नको म्हणालीस, ते का? बाटल्या तो लपवू शकतो, पण तुझी ही सवय लपत नाही. घरातली माणसं एकाच्या पिण्याभोवती आपला दिवस आखायला लागली, की पिणं हाताबाहेर गेलंय असं मी धरते. मीही तेच करत होते, फक्त लांबून आणि पैसे पाठवून.

एक गोष्ट मात्र आजच कर. आईंच्या झोपेच्या गोळ्या महिना व्हायच्या आत संपतात म्हणालीस ना? त्या कुलपात ठेव. दारू आणि झोपेच्या गोळ्या एकत्र घेतल्या तर झोपेतच श्वास मंदावतो, थांबूही शकतो. कधी हाका मारून उठला नाही, श्वास अडखळत असला, ओठ निळसर दिसले, तर "झोपू दे त्याला" असं म्हणू नकोस. कुशीवर वळव आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलव.

आणि सगळ्या बाटल्या बेसिनमध्ये ओतून टाकते म्हणालीस, ते कृपा करून करू नकोस. दारू मेंदूला सुस्त करते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू उलट बाजूने जोर लावत राहतो. दारू एकदम काढून घेतली की तो जोर मोकळा सुटतो. काही तासांत कापरं भरतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास आणि भ्रम होऊ शकतात. यात माणसं दगावतात. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यावर औषधं आहेत, बी-१ जीवनसत्त्वही देतात. सकाळच्या थरथरीचं डॉक्टरांना आधी सांग.

त्याच्याशी रात्री वाद घालू नकोस. प्यायलेल्या माणसाने दिलेलं वचन सकाळी त्याला आठवतही नाही. सकाळी, छोटी शाळेत गेल्यावर बोल. "तू दारुडा झालास" असं नको म्हणूस. जे पाहिलंस तेवढंच सांग: कप, गोळ्या, मंगळवारी चुकलेलं काम. तो चिडेल, तुझ्यावरच उलटेल. हात उचलला तर बोलणं तिथेच सोड, छोटीला घेऊन बाहेर पड आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

मी गेला महिनाभर इथे अल-अनॉनच्या बैठकीला जातेय. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१ पासून चालणारी संघटना आहे. तिथे कुणी नाव विचारत नाही. पहिल्या दिवशी मी फक्त रडले. तिथे सांगतात की हे तू लावलं नाहीस, तुझ्या ताब्यात नाही, आणि तू बरंही करू शकत नाहीस. तिसरं मला अजून मान्य होत नाही. पण पहिलं तू मान्य कर. तुझ्या बोलण्यामुळे, तुझ्या कशामुळेही दादा पीत नाही.

या रविवारी सकाळी मी फोन करेन. यापुढे पैसे पाठवणार नाही, आणि आधी पाठवले ते तुला सांगितलंय, हे मीच त्याला सांगेन, तुझ्यासमोर. डॉक्टरांची वेळ तू आधीच घेऊन ठेव. तो आला नाही तरी तू एकटी जा.

तुझी,
रेवा